तिसरा खिसा भरेपर्यंत

मित्रांनो, तीन खिशांचा कापडी तक्ता तुम्ही कधी पाहिला आहे का? तो मी. वय झालं, कडेची शिवण उसवली, पण खिसे शाबूत आहेत.

इंग्रजीच्या एका मास्तरांनी जुन्या पडद्यातून मला स्वतः शिवलं. टाके इतके वेडेवाकडे, की त्यांच्या थोरल्या बहिणीने मला पाहून विचारलं, "हे पायपुसणं का रे?" पहिल्या खिशात कर्ता, मधल्यात क्रियापद, शेवटच्यात कर्म. मास्तर वर्गाला सांगत, "आपलं क्रियापद निवांत शेवटी येतं. इंग्रजांना घाई, त्यांचं मधेच घुसतं." मुलं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या खोचत. हत्ती खिडकी खाई, शिंपी घोड्याला शिवून टाकी. मास्तर म्हणत, "अर्थ गेला खड्ड्यात, रचना बरोबर आहे. शाब्बास!"

तीस वर्षं माझा असा थाट होता. मास्तर निवृत्त झाले आणि मी गुंडाळी होऊन कपाटावर गेलो. झुरळांना व्याकरणाची आवड नसते, एवढंच तिथे शिकलो.

मग मास्तरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. परगावी नोकरी करणारी मुलगी रजा टाकून आली. मास्तर डाव्या हाताने सारखे कपाटावर बोट दाखवत. मुलीच्या आत्याने, म्हणजे त्या थोरल्या बहिणीने, आधी छत्री काढली, मग पेटी, मग बंद पडलेला पंखा. शेवटी मी.

अडचण एकच होती. मास्तर आता माझ्या खिशांतून बोलणार, पण चिठ्ठ्या शाळेतल्याच. मुलीने 'चहा', 'औषध' अशा नव्या करून दिल्या, तर मास्तरांनी त्या बाजूला सारल्या. नुसता शब्द म्हणजे वाक्य नव्हे! त्यामुळे 'द किंग ड्रिंक्स मिल्क' म्हणजे चहा हवा. चोर राजाला मारतो, म्हणजे व्यायाम करून घेणारा आला. माकड खिडकी उघडतं, म्हणजे उकडतंय. खिडकीपाशी आत्याच बसायची. "माकड कोण रे?" असं विचारत ती उठून खिडकी उघडायची.

पण आत्याला दम नव्हता. पहिल्या खिशात राजा आला, की ती ओरडे, "कळलं! संडासला जायचंय!" आणि भावाला बखोटीला धरून उठवी. चहा मागितला की मास्तरांची अशी वरात निघे. आपलं बोलणं दुसरंच कोणीतरी उरकून टाकणार, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत दिसे. मुलगी मात्र हात मांडीवर ठेवून तिसरा खिसा भरेपर्यंत गप्प बसायची.

रजा संपत आली. मुलीने राजीनामा लिहिला आणि बाबांना वाचून दाखवला. मास्तरांनी पहिल्या खिशात 'राणी' खोचली.

"कळलं!" आत्या म्हणाली. "राणी इथेच राहणार!"

"आत्या, थांब ना गं. अजून दोन खिसे रिकामे आहेत."

दोन खिसे भरायला पाव तास लागला. 'द क्वीन राइड्स अ हॉर्स.'

"राणी कोण, बाबा?"

मास्तरांनी बोट तिच्याकडे केलं, मग दाराकडे.

"मी? उभ्या जन्मात मला गाढवाशिवाय काही म्हणाला नाहीत!" ती हसली, आणि बराच वेळ हसत राहिली. मग तिने कागद फाडला. सोमवारी ती कामावर गेली. पुढे दर शनिवारी यायची.

चौथ्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मास्तरांनी गठ्ठ्याच्या तळातून एक चिठ्ठी शोधून काढली. आजवर ती त्यांनी कधी वापरली नव्हती. 'आय', म्हणजे मी. ती पहिल्या खिशात खोचली आणि हात दमला. डोळे मिटले. मुलगी हात मांडीवर ठेवून बसली. आत्याही बसली. ऊन भिंतीवरून उतरून गेलं, तरी आत्या 'कळलं' म्हणाली नाही.

मित्रांनो, मास्तरांनी डोळे पुन्हा उघडले नाहीत. पुढच्या दोन खिशांत काय येणार होतं, ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या घरी कोणी सावकाश बोलत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याच्याजवळ बसा. वेळ लागतो.