नवमीला बंद केलेला फ्रीजर

मी सोयाबीनच्या बियांमधला एक एन्झाइम बोलतोय. नाव लायपॉक्सिजनेज. नाव अवघड असलं तरी माझी ओळख तुम्हाला आहेच. कच्चं सोयाबीन पाण्यात वाटलं की जो उग्र वास सुटतो ना, तो माझा उद्योग.

माझा जन्म मात्र शेंगेत झाला नाही. सोयाबीनचं जनुक जिवाणूंच्या पोटात घालून माणसांनी मला त्यांच्याकडून करवून घेतलं, शुद्ध केलं आणि बोटाच्या पेराएवढ्या कुपीत भरलं. वर चिठ्ठी लावली: 'फक्त संशोधनासाठी. उणे वीस अंशांवर ठेवावे.' माझं मागणं एवढं एकच, आणि तेही शिकलेल्या माणसांकडे.

भोरमधल्या एका कॉलेजात मला माधुरीने मागवलं. ती भोंगवलीची. तिची आई आणि गावातल्या चार बाया मिळून सोयाबीनचं दूध काढतात, पण वासामुळे पोरं ते तोंडाला लावत नाहीत. किती वेळ तापवलं की वास जातो आणि दूधही बिघडत नाही, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी माझ्या कामाचा वेग मोजायचा आणि त्याच्याशी दूध ताडून पाहायचं. म्हणजे मला मारायची युक्ती ती माझ्याच मदतीने शोधत होती! तरी मला तिचा राग आला नाही. ती मला बर्फातून क्षणभरही बाहेर ठेवायची नाही. दिवाळीनंतर अहवाल दिला नाही तर तिचं वर्ष जाणार होतं.

मधे खंडेनवमी आली. प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा. यंत्रं वर्षभर राबतात, आज त्यांनाही विश्रांती द्या, असं विभागप्रमुख सरांनी फर्मान काढलं. पूजेला माझी काही हरकत नाही. पण प्रयोगशाळा सांभाळणारे धनाजीमामा फ्रीजरपाशी घुटमळले, हाही बंद करायचा का म्हणून त्यांनी विचारलं. सगळं म्हणजे सगळं, असं म्हणून सर फोटोसाठी उभे राहिले. फ्रीजरला झेंडूची माळ, दारावर हळदकुंकू आणि बटण बंद. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या रेणूची घडी विस्कटली. आम्हा एन्झाइमांचं सगळं बळ त्या घडीत असतं. ती मोडली की पुन्हा गार करून काही उपयोग नसतो.

सोमवारी माधुरीने मला वेग मोजायच्या यंत्रात घातलं. आलेखाची रेघ जागची हलेना. तिने चारदा करून पाहिलं, मग स्टुलावर बसून रडली.

सरांनी लगेच तोड काढली. कंपनीला पत्र: कुपी आली तेव्हाच निकृष्ट होती, बदलून द्या. खाली माधुरीची सही हवी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी निकृष्ट? पहिल्या दिवशी माझी रेघ कशी सरसर चढली होती, ते तिच्या वहीत तारखेसकट आहे. स्वतःच्या हुकमाने मारायचं आणि वर मेलेल्यालाच नावं ठेवायची, ही कुठली रीत?

"सायेब, म्या इचारलं व्हतं," धनाजीमामा दारातून म्हणाले. "तुमीच म्हनलात समदं बंद कर."

सरांनी त्यांना पाणी भरायला पाठवलं आणि पेन माधुरीपुढे सरकवलं. सही केली की आठ दिवसांत नवी कुपी येणार, वर्ष वाचणार. तिने पत्र शांतपणे दोनदा वाचलं.

"सर, कुपी चांगली होती. मी सही करणार नाही."

"मग बस वर्षभर."

"बसते," ती म्हणाली.

उद्या खराब नमुन्यांबरोबर मलाही वाफेच्या भांड्यात घालून टाकून देतील. त्याचं मला काही वाटत नाही, माझ्यात आता उरलंय काय! पण विभागाच्या नोंदीत काल एक ओळ चढली: 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे काम अपूर्ण.' खाली सरांची झोकदार सही आहे. मला खुशाल फेकून द्या. ती ओळ तेवढी कुणीतरी खोडा.