कबुतराचा आवाज

दुपारी तीनला सान्वी निजली आणि कुठेतरी कबुतर घुमायला लागलं.

तीन दिवस सर्दी, कालपासून ताप. सात महिन्यांची पोर. नाक चोंदलं की दूध सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. घरमालकीण बायजामावशी इथल्या बाळकुम गावच्या जुन्या रहिवासी, त्यांच्याच शेतावर ही बिल्डिंग उभी. सर्दी झाल्यापासून त्या रोज निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकून तिला धुरी द्यायला वर यायच्या. आजही दिली. सान्वी खोकली, रडली आणि एकदम गप्प झाली.

"बघ, छाती मोकली झाली. आता निजू दे गो तिला."

मला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायला मिळणार होता.

पण ते कबुतर. हूं... हूं... एकसारखं.

"एसीच्या मागे अडकलंय वाटतं," म्हणत मी खिडकी उघडली. जाळीपलीकडे काहीच नव्हतं. आवाज आता पाठीमागून येत होता. बाथरूममध्ये डोकावले, तिथे तो अगदी बारीक झाला. परत आले तर मावशी हातात निखाऱ्यांचं घमेलं घेऊन तशाच उभ्या.

"तुम्हालाही येतोय ना ऐकू?"

त्या पाळण्याकडे बघत होत्या.

मी सान्वीला उचललं. आवाज माझ्या खांद्यावर आला.

हूं. हूं. प्रत्येक श्वासाला. झबलं वर केलं, तर बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात होती, आतून कुणी चिमटीत धरल्यासारखी. लसीच्या वेळी नर्सनं शिकवलेलं: पूर्ण मिनिटभर पोट बघायचं, या वयात श्वास पन्नास किंवा जास्त भरले तर थेट दवाखाना गाठायचा. मोबाइलवर मिनिट लावलं.

अडुसष्ट.

"आनंदला फोन करते, तो आला की..."

"तुझा नवरा वागळेच्या कंपनीतनं कवा पोचंल? चल!" मावशी अनवाणीच जिना उतरल्या.

हॉस्पिटलात सान्वीला ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. तासाभरानं ती चिडून रडली, तेव्हा कुठे मी बाहेरच्या बाकावर टेकले.

"न्यूमोनिया आहे. वेळेत आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या झबल्याचा वास घेतला. "धूर कोण देतं हिला?"

मी खाली बघितलं. मावशी पुढे झाल्या.

"मी. माझ्या तिघांनाबी दिलेली."

"आणि तिघंही बरी आहेत, असंच ना?"

मावशी काचेतून सान्वीचं हलणारं पोट बघत होत्या.

"दोन हायेत," त्या म्हणाल्या. "तिसरा असाच गप झालेला. आमाला वाटलं, निजला."