डाव्या बाजूची खरखर

त्या बहीण-भावांची कंपनी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. भिंतीला लागून रेकॉर्डचे खोके, खिडकीखाली टेबल, टेबलावर दोन स्पीकर आणि जुना पण निगुतीनं ठेवलेला प्लेअर. ज्याला गाणं म्हणावं की नाही यावरच लोक वाद घालतील, असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ते दोघं बाजारात आणायचे. धाकटा भाऊ इंटरनेट, जाहिरात, फायली सांभाळायचा. आणि ताई म्हणजे कंपनीचा कान. तिनं 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय कारखान्यात एकही रेकॉर्ड छापली जात नसे.

दोघांचं भांडण जुनं होतं. धाकटा म्हणायचा, "फाईल टाकली की उद्या सगळीकडे पोचते. रेकॉर्डसाठी कारखान्याच्या रांगेत महिनोन्महिने ताटकळायचं, आणि मग ते खोके उचलून जिना मीच चढायचा."

ताई म्हणायची, "फाईल लोक लावतात आणि भांडी घासायला जातात. रेकॉर्ड उलटायला तरी जागेवरून उठावं लागतं."

त्या वेळी काम चाललं होतं सिस्टरच्या संगीताचं. ती खरोखरच नर्स होती, अतिदक्षता विभागातली. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, म्हणून रेकॉर्डवरचं नावही तेच ठेवलं. दिवसभर यंत्रांचे आवाज ऐकून घरी गेली की ती एका छोट्या सिंथेसायझरवर त्या आवाजांमधली शांतता वाजवायची. एक सूर उमटायचा, विरायचा, आणि पुढचा येईपर्यंत ऐकणारा श्वास धरून बसायचा. फायलीला तिची ना नव्हती, पण रेकॉर्ड निघावी ही तिची फार इच्छा होती. म्हणायची, "माझ्या वॉर्डात सगळं पडद्यावरच असतं हो. एक तरी गोष्ट हातात धरता यावी."

कारखान्यातून नमुन्याची रेकॉर्ड आली तेव्हा ताईनं नेहमीसारखा पंखा बंद केला, खिडकी लावली, हेडफोन चढवले आणि सुई टेकवली. पहिला सूर विरला, आणि डाव्या बाजूला खरखर ऐकू आली. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येते तशी, बारीक आणि न थांबणारी.

तिनं कारखान्याच्या काकांना फोन केला. काकांचा कारखाना लहान होता, पण हात सोन्याचा. त्यांनी वादच घातला नाही. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणार. साचा नवा करतो," एवढंच म्हणाले.

नवा साचा झाला, आठवड्याच्या आत नवी रेकॉर्ड आली. खरखर होतीच. उलट वाढली होती.

धाकट्याला हवं ते आयतं मिळालं. त्यानं स्वतः ऐकण्याची तसदीही घेतली नाही. ताईनं ऐकलं म्हणजे संपलं. "बघ, मी काय सांगत होतो? इतकं नाजूक संगीत रेकॉर्डवर उतरतच नाही. आता फक्त फाईल. आणि खरं सांगू का, यापुढे सगळंच फाईल करू." नव्या रेकॉर्डलाही खरखर आहे, एवढं ताईनं काकांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, माफ करा. जावयाला मशीनवरून काढलंय. त्याचंच काहीतरी चुकत असणार. दोन्ही साचे मोडीत टाकले. कारखान्याची अब्रू गेली माझ्या."

फोन ठेवल्यावर ताई तशीच उभी राहिली. काकांचा आवाज तिला लांबून, विहिरीतून आल्यासारखा ऐकू आला होता, आणि मध्येच तिनं फोन उजव्या कानाला घेतला तेव्हा तो एकदम जवळ आला होता. लाइन खराब असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं.

धाकटा जेवायला गेला होता. तिनं रेकॉर्ड लावली, हेडफोन चढवले. खरखर डावीकडे होती. मग तिनं ती गोष्ट केली जी तिनं पहिल्याच दिवशी करायला हवी होती, जी नव्या पोरांना ती स्वतः शिकवायची. हेडफोन काढून उलटे घातले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. रेकॉर्डचा दोष असता तर खरखर आता उजव्या कानात यायला हवी होती.

ती डावीकडेच राहिली.

ताईनं सुई उचलली. तबकडी मुकाट फिरत राहिली, आणि खरखर चालूच. हेडफोन काढले, तरी चालूच. खाली शिंप्याचं मशीन धडधडत होतं, पण ते फक्त उजवीकडे. खुर्चीचा हात धरून ती खाली बसली, आणि धाकट्याची पावलं जिन्यावर वाजली तेव्हा तिनं घाईघाईनं रेकॉर्ड पाकिटात सारली, चोरी करताना सापडल्यासारखी.

तिनं कुणालाच सांगितलं नाही. सर्दी असेल, मळ असेल, आपोआप जाईल. सकाळी डोळे उघडण्याआधी ती कान द्यायची, आणि खरखर तिची वाट बघत असल्यासारखी तिथंच असायची. लोक आपल्या उजवीकडे येतील असं उभं राहण्याची तिनं सवय लावून घेतली. धाकटा डावीकडून काही बोलला की ती नुसतं "हं" म्हणायची. एकदा त्या "हं"वर तो थांबून बघत राहिला. "मी विचारलं, चावी कुठंय."

रस्ता ओलांडताना एक स्कूटर तिच्या कोपराला घासून गेली. ती डावीकडून आली होती आणि ताईला तिचा हॉर्नसुद्धा ऐकू आला नव्हता. चालवणारा मागे वळून ओरडला, त्याचं तोंड हललेलं तिनं पाहिलं. फुटपाथवर येऊन ती विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली. सगळं शहर तिच्या एकाच बाजूला उरलं होतं.

पण तिला सर्वांत जास्त भीती वाटली ती स्वतःचीच. हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. तिनं तोंड उघडलं नाही तर दोष रेकॉर्डवर गेलेलाच होता, काकांच्या जावयाच्या माथी तो बसलेला होता, आणि यापुढे सगळंच फाईल झालं तर तिच्या कानाची परीक्षा घ्यायला कुणी येणारही नव्हतं. तिनं आयुष्यभर जे जपलं ते मोडीत काढून तिची जागा शाबूत राहत होती. कान नसलेल्या ताईचं या खोलीत काय काम होतं? या प्रश्नापाशी आली की ती उठून उगाच खोके आवरायला लागायची.

शेवटी सिस्टर आली. 'रेकॉर्ड निघणार नाही' हे धाकट्यानं तिला फोनवर सांगितलं होतं. ती ड्यूटीवरून तशीच आलेली, डोळ्यांखाली काळं. रागावली नव्हती. फक्त म्हणाली, "एकदा ऐकू द्या ना. नेमकं काय बिघडलंय ते तरी कळू दे."

ताईनं हेडफोन दिले. सिस्टर डोळे मिटून बसली. एक बाजू संपेपर्यंत हलली नाही. मग हेडफोन काढून म्हणाली, "कुठंय खरखर?"

"डावीकडे," धाकटा म्हणाला. "ताई म्हणते."

"डावीकडे काहीच नाहीये."

धाकट्यानं हसत हेडफोन घेतले, ऐकले, आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

सिस्टर उठून तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि काहीतरी हळू बोलली. ताईची मान वळली नाही. मग सिस्टर समोर आली. आता तिचा आवाज वॉर्डातला होता. "ताई, कधीपासून?"

"सर्दी..."

"कधीपासून ते विचारतेय मी."

ताईनं सांगितलं. सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अहो, असा अचानक कान गेला तर त्याच दिवशी धावत यायचं असतं. औषधाला जितका उशीर, तितकं परत मिळणं कमी. चपला घाला. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यात तिला काचेच्या बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला ती भराभर दाबत गेली. डाव्याची पाळी आली तेव्हा काचेपलीकडची बाई बराच वेळ काहीतरी फिरवत होती आणि ताईला नुसती खरखर ऐकू येत होती. तिचा अंगठा बटणावर घामेजला. एकदा तिनं अंदाजानं दाबलं. बाईनं 'नाही' म्हणून मान हलवली. लहानपणी अंधारात हाका मारूनही कुणी ओ दिली नाही की वाटायचं, तसं ताईला वाटलं.

डॉक्टर स्पष्ट बोलले. "काही येईल, काही येणार नाही. आठ दिवस आधी आला असतात तर जास्त खात्रीनं बोललो असतो." बाहेर धाकटा बाकावर बसला होता. तो तिच्या उजवीकडे सरकला. मग म्हणाला, "मी रोज तुझ्या शेजारी बसतो, आणि मला कळलं नाही."

गोळ्या सुरू झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. त्याआधी, पहिल्याच संध्याकाळी, ताईनं काकांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"त्याला मी काय काय बोललो, तुम्हाला कल्पना नाही," काका म्हणाले. "पोरीच्या देखत बोललो."

"त्यांना फोन द्या. मी बोलते."

जावई आला. ताईनं माफी मागितली. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "रेकॉर्ड स्वच्छ आहे हे मला माहीत होतं. पण तुमच्या कानापुढे माझं कोण ऐकणार?" आणि मग विचारलं, "बरा होईल ना कान?"

कान थोडा परत आला. खालच्या मशीनची धडधड आता दोन्हीकडे होती, पण डावीकडे भिंतीपलीकडून आल्यासारखी. बारीक आवाज गेले ते गेलेच. खरखर राहिली.

जावयानं तिसरा साचा स्वतः केला. नवी रेकॉर्ड आली तेव्हा ताईनं पंखा बंद केला, खिडकी लावली आणि हेडफोन धाकट्यापुढे धरले. तो मागे सरकला. "मला नाही जमणार. मला यातलं काय कळतं?"

"बस. नुसतं ऐक. पटकन मत देऊ नकोस."

तो बसला. ती शेजारी बसून त्याचा चेहरा वाचत राहिली. एवढी भीती तिला काचेच्या खोलीतही वाटली नव्हती. दुसऱ्या बाजूच्या शेवटी त्याच्या भुवया जवळ आल्या. त्यानं सुई मागे नेली, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे नेली.

"इथे टिक् असा आवाज येतोय. उजवीकडे."

ताईनं हेडफोन घेतले. तिच्या चांगल्या कानालाही काही जाणवलं नाही. टिक् खरंच नव्हती, की आता तो कानही?

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. हे वाक्य मोठ्यानं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. "हेडफोन उलटे घाल."

त्यानं घातले. "आता डावीकडे गेली."

"मग रेकॉर्डमध्येच आहे. काकांना कळव."

धाकट्यानं फोन उचलला, पण नंबर लावेना. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, आणि मीच चुकत असेन तर? परत त्या जावयाला बोलणी बसली तर?"

"मग आधी सिस्टरला बोलाव," ताई म्हणाली. "तिघांनी ऐकू."