पेन्सिलीतले दिवस

वित्स्केनं संडासाच्या दारामागचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, कोटाच्या आत सरकवलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं टेबलाशी येऊन बसली.

वाढदिवसांचं कॅलेंडर ते. वार नाही, वर्ष नाही. नुसत्या तारखा आणि पुढे नावं. फ्रीसलंडमध्ये घरोघरी ते संडासातच टांगतात, तसं बटाट्याचं बेणं विकणाऱ्या या पेढीतही टांगलेलं होतं. बसल्या बसल्या कोणाचा दिवस आलाय ते कळतं. यापेक्षा सोयीची जागा कुणी सुचवून दाखवावी. शाईतली नावं पेढीतल्या माणसांची. पेन्सिलीतली मात्र सगळी डाउवे या सर्वांत जुन्या विक्रेत्याच्या अक्षरात, आणि सगळी त्याच्या गिऱ्हाइकांची.

या डाउवेनंच तिला जेरीस आणलं होतं. तीन महिन्यांपूर्वी मालकानं गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारी नवी सिस्टीम आणली आणि ती सगळ्यांच्या गळी उतरवायला वित्स्केला नेमलं. सात विक्रेत्यांपैकी सहा जण वळले. कुणी समजावण्यानं, कुणी शंभर नोंदींमागे ठेवलेल्या सफरचंदाच्या केकनं. डाउवेनं केकचे दोन तुकडे खाल्ले, नोंद एकही केली नाही.

"तुझ्या मशीनमध्ये कप्पे फार, पोरी," तो म्हणायचा. "माझी माणसं कप्प्यात बसत नाहीत."

मार्चअखेर तो सिस्टीमवर आला नाही, तर त्याची गावं इतरांना वाटून टाकायची, असं मालकानं ठरवलं होतं. एकतीस वर्षं फिरलेली गावं. वित्स्केला ते बघवलं नसतं. शिवाय तिला कुतूहलही होतं. हा माणूस काहीच लिहीत नाही, मग कोणाच्या दारात कधी जायचं हे त्याला कळतं कसं? उत्तर आता तिच्या कोटात होतं. आयतं ताट वाढलं की जेवेल, असं म्हणत दुपारभरात तिनं पेन्सिलीतली त्रेचाळीस नावं तारखांसकट सिस्टीममध्ये भरली आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

अकरा तारखेला सकाळी तिनं त्याला मोठ्या हौसेनं हाक मारली.

"डाउवे, या ना इकडे. तुमच्या वतीनं रिन्स्केबाईंना शुभेच्छा गेल्यासुद्धा. आपोआप!"

पडद्यावर फुगे उडत होते. 'हार्दिक अभिनंदन! आजचा दिवस मजेत जावो. तुमचा, डाउवे.'

डाउवेनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तारीख कुठून घेतलीस?"

"संडासातल्या कॅलेंडरवरून."

"पेन्सिलीतले वाढदिवस नव्हेत ते." त्याचा आवाज चढला नाही, त्यानंच ती घाबरली. "त्या दिवशी तिथं जायचं असतं. कुणाचा गोठा जळाला, कुणाचं पोर गेलं. रिन्स्केचा नवरा, गेर्बेन, आजच्या दिवशी गेला. सहा वर्षं झाली."

"पण त्या कॅलेंडरवर वाढदिवसच लिहितात!"

"म्हणून तर तिथं लिहिले. कुणी काही विचारत नाही."

ती रडायच्या बेतात होती. "मी येते तुमच्याबरोबर. माफी मागते."

"एकटी जा. केलंस तू, निस्तर तू."

उरलेल्या बेचाळीस शुभेच्छा बंद करून ती निघाली.

रिन्स्केबाईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, उंच, हातात फोन.

"फुगेवाली तूच का? डाउवेला असले फुगे जमायचे नाहीत. आत ये, वारा येतोय."

कॉफी आली. बिस्किटांचा डबा उघडला, तिला एक बिस्किट मिळालं, झाकण लागलं. इकडे पाहुण्यापुढे डबा एकदाच उघडतो. वित्स्केनं कॅलेंडरपासून सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाई आधी ऐकत राहिल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू थांबल्यावरही पाणी तसंच राहिलं.

"सहा वर्षांत आज पहिल्यांदा कुणी मला मजा कर म्हणालं. बाकीचे आज रस्ता बदलून जातात. डाउवे तेवढा येतो. गेर्बेनचं नाव तोही काढत नाही म्हणा. बटाट्यांवर बोलतो, पाच पोत्यांची ऑर्डर घेतो आणि जातो."

खिडकीबाहेर पार बांधापर्यंत नांगरलेली जमीन दिसत होती.

"एवढ्या शेताला पाचच पोती?"

"शेत मी कुठं करते आता! तीन वर्षं झाली, पुतण्या कसतो. त्याचं बेणं दुसरीकडून येतं. माझी पोती शाळेच्या बागेला जातात."

"मग घेता कशाला?"

"अगं, कामाशिवाय कुणाकडे कॉफीला जाणाऱ्यातला आहे का तो? मी गिऱ्हाईक राहिले नाही, तर कुठल्या तोंडानं येईल?" बाईंनी डबा पुन्हा उघडून तिच्यापुढे सरकवला. "त्याला सांगू नकोस हं."

ती परतली तेव्हा डाउवे कोट चढवत होता. रिन्स्केबाईंकडे जायची त्याची वेळ झाली होती.

"रागावली?"

"नाही. डबा दोनदा उघडला."

"दोनदा? मला आजवर एकच मिळालंय!"

तो गेल्यावर तिनं रिन्स्केबाईंचं पान उघडलं. 'भेटीत काय कळलं?' असा एक कप्पा होता. बारीकसारीकही सोडू नका, असं तीन महिने ती सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत आली होती. तिनं 'शेत' असं लिहिलं, खोडलं. मग 'कॉफी घेतली' एवढंच लिहून पान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानावर तिच्या ओळीखाली आणखी एक नोंद होती. डाउवेची, पहिलीच.

'शेत तीन वर्षं पुतण्याकडे. पाच पोती शाळेला जातात. मला हे ठाऊक आहे, हे रिन्स्केला कळू देऊ नये. माझ्यानंतर जो कोणी येईल त्यानं अकरा मार्चला जावं, बटाट्यांवर बोलावं आणि ऑर्डर घ्यावी.'

वित्स्केनं मान वर केली. पलीकडच्या टेबलाशी डाउवे दोन बोटांनी पुढचं नाव टाइप करत होता. कॅलेंडर त्याच्या मांडीवर होतं.

"कॅलेंडर कुणी नेलं रे?" संडासातून कुणीतरी ओरडलं.

डाउवेनं मांडीवरचं पान उलटलं.