तीन साहेबांची मंजुरी

लातूरच्या गुरुबसप्पांची पशुखाद्याची कंपनी होती. कारखाना लातूरला, शाखा नांदेडला. रजा, खरेदी, गाड्या सगळं मोबाईलवरच्या ॲपमधून चालावं असं अप्पांनी मनावर घेतलं आणि ते काम मंजुश्रीला दिलं. मंजुश्री पुण्यातली नोकरी सोडून लातूरला परतलेली, स्वतःचं छोटं ऑफिस थाटून बसलेली.

पहिल्या बैठकीत तिनं रजेपासून सुरुवात केली. अर्ज थेट वरिष्ठाकडे जाईल, तो हो किंवा नाही म्हणेल, विषय संपला.

एवढ्यावर भागलं असतं तर ते साहेब कसले!

नांदेड शाखेचे व्यवस्थापक व्यंकटराव म्हणाले, "शाखेतलं माणूस माझं. पहिली मंजुरी माझी." हिशेबखात्याचे दयानंद म्हणाले, "रजा म्हणजे पगार आला. माझ्या नजरेखालून न जाता कसं चालंल?" उरले मृत्युंजय, अप्पांचे जावई. ते कंपनीत नेमकं काय बघतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून शेवटची मंजुरी त्यांची ठरली.

"आणि ते 'नामंजूर'चं बटण काढून टाका," मृत्युंजय म्हणाले. "उगं वाईटपणा कोण घेतो? 'विचाराधीन' ठेवा."

"एखादे साहेब दौऱ्यावर असले तर?" मंजुश्रीनं विचारलं.

व्यंकटरावांनी आपल्या जागी दयानंदांचं नाव दिलं, दयानंदांनी मृत्युंजयांचं. मृत्युंजयांनी जरा विचार केल्यासारखा चेहरा केला आणि व्यंकटरावांचं दिलं.

"तिघंही एकदम दौऱ्यावर गेलात तर अर्ज नुसता गरगर फिरत राहील," मंजुश्री म्हणाली. "त्यापेक्षा दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर रजा मंजूर धरू या."

"म्हणजे आम्ही नसलो तरी काम चालतं म्हणा की!" व्यंकटराव दुखावले.

तेच तर मंजुश्रीला म्हणायचं होतं. पण तिनं त्यांनी सांगितलं तसं ॲप करून दिलं.

महिनाभरात साहेबांना एक शोध लागला. ॲपमध्ये 'दौऱ्यावर' लावून ठेवलं की एकही अर्ज समोर येत नाही आणि फोनही वाजत नाही. मंजुरीचा मान जागच्या जागी राहतो, मंजुरी तेवढी द्यावी लागत नाही. तेव्हापासून तिघं कायमचेच दौऱ्यावर गेले. व्यंकटराव शाखेत पंख्याखाली बसून दौऱ्यावर असायचे.

नांदेडच्या शाखेत बुशरा नावाची मुलगी पेंडीचे नमुने तपासायची. ॲपची चाचणी चालली होती तेव्हा मंजुश्रीला सगळ्यात जास्त मदत तिचीच झाली होती आणि दोघींचं चांगलं जमलं होतं. बुशराची शादी ठरली. तिनं बरीच आधी रजा टाकली, तिन्ही साहेबांना स्वतःच्या हातानं पत्रिका दिली आणि देताना प्रत्येकाला रजेची आठवणही करून दिली.

"अगं, तुझ्या शादीला कोण न्हाई म्हणंल?" प्रत्येक जण म्हणाला. खरंच कुणी नाही म्हटलं नाही. हो म्हणायचंही कुणी मनावर घेतलं नाही.

शादी गुरुवारी दुपारी होती, नांदेडातच, देगलूर नाक्याजवळच्या शादीखान्यात. मंजुश्री लातूरहून एसटीनं आली. तिन्ही साहेब तिच्या आधीच पोचले होते, कंपनीच्या गाडीतून. व्यंकटराव बिर्याणीच्या पंगतीत होते. शेजारच्या शाकाहारी टेबलावर दयानंद आणि मृत्युंजय बगारा खाना, म्हणजे मसालेभात, आटोपून डबल का मीठावर, पावाच्या गोड पदार्थावर, आले होते. "आमच्याच घरचं कार्य हाय," असं मृत्युंजय येईल त्याला सांगत होते.

इतक्यात बुशराचा मोठा भाऊ फैजान हातात तिचा फोन घेऊन आला. पाहुण्यांची सरबराई करून घामाघूम झालेला, आणि आता रागानं लाल.

"साहेब, हे काय हाय?" त्यानं फोन पुढं धरला. पडद्यावर ॲपनं आपोआप धाडलेला संदेश होता : आपण विनापरवानगी गैरहजर आहात. आज संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा सादर करावा.

"न्हाई न्हाई, काहीतरी गल्लत झाली," दयानंद म्हणाले. "माझ्याकडं अर्जच न्हाई. व्यंकटरावांकडं असंल."

"माझ्याकडून तर कवाच तुमच्याकडं गेला," व्यंकटराव पलीकडून म्हणाले.

"मग मृत्युंजयसाहेबांकडं गेला असंल."

"मी दौऱ्यावर हाय," मृत्युंजय म्हणाले आणि त्यांनी चमचा तोंडात घातला.

मंजुश्री उठून त्यांच्याजवळ गेली. "अर्ज तुमच्या तिघांमध्ये फिरतोय. कुणीही एकानं आत्ता दौरा बंद करा आणि मंजूर करा. एक मिनिटाचं काम आहे."

"हात खरकटे हायत," व्यंकटराव म्हणाले.

"मी धुवायला पाणी आणतो," फैजान म्हणाला.

तरीही कुणी हललं नाही. मग मंजुश्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. ॲपच्या नोंदीत आज कंपनीची गाडी निघाली होती ती उमरी गावच्या दौऱ्याच्या नावावर. दौरा बंद केला तर मग गाडी शादीला कशी आली, हा प्रश्न उभा राहणार. एका पोरीची रजा दाबून ठेवायला तिघांना काही वाटलं नव्हतं. गाडीची लबाडी उघडी पडेल म्हणून मात्र तिघांचे घास घशात अडकले होते. मंजुश्रीला त्यांची किळस आली. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. ॲप तिनंच बांधलं होतं.

"मी बुशराकडं जाते," ती फैजानला म्हणाली, तसा तोही फोन घेऊन तिच्या मागं निघाला.

बायकांच्या बाजूला बुशरा लाल शरारा घालून, हातभर मेंदी लावून बसली होती. तिनं संदेश वाचला आणि तिचे डोळे भरले. "आजच्या दिवशीसुद्धा, ताई?"

"खुलासा लिहायला सांगितलाय ना? मग लिही."

"तो तरी कोण वाचंल?"

"अप्पा. खुलासे वाचायचं काम या तिघांपैकी कुणालाच नको होतं, म्हणून मी ते थेट अप्पांकडं जातील असं करून ठेवलंय."

बुशरानं डोळे पुसले. फैजानला तिनं पंगतीचा एक फोटो काढून आणायला सांगितलं. शादीखान्यात फोटोला कोण नाही म्हणतो? तिन्ही साहेबांनी हसून फोटो दिला. मग बुशरानं खुलासा लिहिला : "मी आज माझ्या शादीला हजर आहे. ज्यांच्याकडे माझा रजेचा अर्ज पडून आहे ते तिन्ही साहेबही इथंच हजर आहेत. फोटो जोडला आहे." आणि पाठवून दिला.

मंजुश्री परत येते तोच मृत्युंजयांचा फोन वाजला. गलका इतका होता की त्यांनी आवाज मोठा केला.

"हां अप्पा. उमरीला हाय ना. हाव, पेंडीच्या व्यापाऱ्याकडं बसलोय."

पलीकडून अप्पांचा आवाज सगळ्या टेबलाला ऐकू आला. "उमरीत पेंडीला डबल का मीठा म्हणतेत का, जावईबापू?"

व्यंकटरावांना एकाएकी हात धुवायची निकड लागली. दयानंद आपल्या वाटीत बघत राहिले. मृत्युंजय फोन कानाला लावून बाहेर गेले ते जेवायला परतलेच नाहीत. अप्पांनी मग बुशराला फोन करून दुवा दिली आणि रजा स्वतः मंजूर केली.

पुढच्या बैठकीत अप्पांनी मंजुश्रीचं मूळचं म्हणणं मान्य केलं. रजा थेट वरिष्ठाकडं, दोन दिवस उत्तर नाही तर मंजूर. बैठक संपल्यावर मृत्युंजयांनी तिला जिन्यात गाठलं.

"मॅडम, आमची बटणं तेवढी राहू द्या. लोकांसमोर बरं दिसत न्हाई."

मंजुश्रीनं तिघांनाही 'पाहिले' असं एक हिरवं, ठसठशीत बटण करून दिलं. ते दाबून काही होत नाही. तिन्ही साहेब रोज सकाळी ते मनोभावे दाबतात आणि एकाही अर्जाला उशीर करत नाहीत. व्यंकटरावांनी तर त्यासाठी नवा मोबाईल घेतला.

बुशरा कामावर परतली त्या दिवशी व्यंकटराव स्वतः तिच्या टेबलापाशी आले. "तुझ्या रजेसाठी अप्पांशी लई भांडावं लागलं मला," ते म्हणाले.

"हाव सर, शुक्रिया," बुशरा म्हणाली, आणि तिनं सरकीच्या पेंडीचा नमुना ओलावा बघायला काट्यावर ठेवला.