यंत्रेश्वराचा हजेरीपट

हरिदासला यात मिळत काय होतं, ते आधी सांगून टाकतो. दोन वेळचं जेवण, डोक्यावर पंखा, आणि 'रिकामटेकडा साळा' म्हणून बहिणीच्या घरी रोज होणारा उद्धार बंद. तो बसायचा कुठं, ते पुढं येईलच.

शहाऐंशी साली जाम गावच्या चौकात रांग लागायची ती त्याच्या भाऊजींच्या, म्हणजे वासुदेवमहाराजांच्या यंत्रेश्वरासाठी. कुठल्याशा बुडालेल्या कंपनीचा कॉम्प्युटर महाराजांनी लिलावात घेतला आणि त्याला हार घातला. भक्तानं स्वहस्ते नाव टाईप करायचं, मग प्रश्न मोठ्यानं बोलायचा. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. महाराज वाचून दाखवत.

"याचा गाभारा पाहणारा अजून जन्मायचा हाय," असंही सांगत.

वडनेरच्या यशोदाबाईंना टीबी होता. अकरा महिने त्यांनी नेमानं गोळ्या घेतल्या. यंत्रेश्वरानं लिहिलं, गोळ्या बंद, अंगारा सुरू. महिन्याभरात खोकल्यातून रक्त आलं. नवरा रूपराव त्यांना पुन्हा यंत्रेश्वराकडेच घेऊन आले. सोबत भाची लीना होती. ती नागपूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करायची.

"मावशी, गोळ्या का सोडल्यास?"

"देवानं लिहून देल्लं, बाई. डॉक्टरचं तर वाचताबी येत नाई."

पाळी आली. मावशीच्या वतीनं लीना पुढं बसली. नावाऐवजी तिनं एक उद्गारचिन्ह, म्हणजे थेट यंत्राशी बोलायची खूण, आणि त्यापुढं छोटासा हुकूम टाईप केला. पडदा ओळींनी भरला.

"काय करून राह्यली, पोरी? देव बिघडंल."

"बिघडत नाही, महाराज. कापसाच्या काट्यावर काचेआड आकडा दिसतो, तसं आहे हे. पाहता येतं, हलवता येत नाही. यंत्राच्या गाभ्यात हजेरीपट असतो. कोणतं काम चालू आहे, कोणाच्या नावानं, कोणत्या पडद्यावरून. मी फक्त वाचतेय."

"मंग वाच," रूपराव म्हणाले.

"पहिला पडदा, नाव महाराज. काम, निरोप पाठवणं. दुसरा पडदा, नाव हरिदास. काम, निरोप पाठवणं."

"दुसरा पडदा कुठं हाय?" रूपरावांनी विचारलं.

"सूक्ष्म रूपात," महाराज म्हणाले.

लीनानं हार बाजूला केला. यंत्रातून दोन वायरी निघाल्या होत्या. दुसरी प्लायवूडच्या भिंतीखालून पलीकडं गेली होती. रूपरावही गेले. पलीकडं दुसरा पडदा, त्यापुढं ताट, ताटापुढं हरिदास.

"जेवून राह्यलो, दादा. पाच मिनिटांनी येजो."

तो सकाळी चहाच्या टपरीवर बसून लोकांची दुखणी ऐकायचा, दुपारी प्लायवूडमागून प्रश्न ऐकायचा आणि डाव्या हातानं उत्तर टाईप करायचा. ते वायरीतून इकडं उमटायचं. सगळं चोख होतं. फक्त यंत्र नाव घेतल्याशिवाय उघडत नाही, आणि खोटं नाव शोधायचे कष्ट हरिदासनं घेतले नव्हते.

चमत्कार करणाऱ्याला आपण एवढंच विचारावं: आत काय चाललंय ते पाहू देता का? हात लावत नाही, नुसतं पाहतो. जे खरं असतं, त्याचं पाहण्यानं काही बिघडत नाही. जो पाहू देत नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नये.

आता हिशेब. महाराजांनी गाव बदललं. हरिदासचा पंखा गेला, उद्धार परत सुरू झाला. यंत्राचं काहीच गेलं नाही. विचारलं तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं होतं. डॉक्टरांनी यशोदाबाईंच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून परत सुरू केल्या. आधीचे अकरा महिने धरले नाहीत.