डोलाच्या तोंडाला शेंदूर

मी एक जुना लोखंडी डोल आहे. विहिरीतला नव्हे हं मित्रांनो! पाण्यात गटांगळ्या खाणारे ते वेगळे. मी हवेतून जाणारा. तुमसरच्या बाजूला टेकडीवर मँगनीजची खाण होती आणि खाली रेल्वेचा फलाट. मधल्या रोपवेवरून मी वरचा दगड खाली आणत असे.

मला ओळखायचं तर आधी माझं अंग बघा. नव्या डोलांना वेल्डिंग असतं, माझे पत्रे मात्र तापवलेले रिबिट ठोकून जोडलेत. मग माझ्या डोक्यावर बघा. तिथे दोन दोर असत. जाड दोर जागचा हलत नसे, त्यावरून माझी चाकं धावत. बारीक दोर यंत्राने फिरे आणि माझा चिमटा त्याला धरून राही. गंमत म्हणजे हा चिमटा माझ्याच वजनाने मिटतो. ओझं वाढलं की पकड आणखी घट्ट! ज्याने हे शोधून काढलं त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे. बाहेरगावचे साहेब मान वर करून बघत राहायचे, तेव्हा मीही जरा ऐटीतच जायचो.

वर बायजाबाई मला भरायची. खाली तिची लेक वच्छला मला रिकामं करायची. दिवसभर मायलेकींच्या मध्ये माझ्या फेऱ्या चालत.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला खाण बंद होती. सगळ्यांनी अवजारं धुतली. बायजाबाईने मला झेंडूची माळ घातली आणि चिमट्याच्या आत तेल-शेंदूर चांगला माखला. वर मला दोरावर सोडणाऱ्या चिंधू मिस्त्रीने नारळ फोडला. मी तर फुगून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला भरलं, मिस्त्रीने दोरावर सोडलं आणि चिमटा तेलावर सटकला. भरलेला मी उतारावरून सुसाट निघालो. चिंधूने घंटा बडवली. यंत्र थांबलं, दोर थांबला. मी कसा थांबणार? मी दोर धरलेलाच नव्हता. खाली वच्छला होती.

दोर का थांबला म्हणून बिचारी पुढे येऊन वर बघत होती. माझ्या चाकांचा आवाज ऐकला आणि तिने बाजूला अंग टाकलं. मी अडसरावर आदळलो. सगळा दगड ती उभी होती तिथेच सांडला.

वरून काहीच दिसत नव्हतं. बायजाबाई टेकडी उतरत धावत आली. लेक बसलेली दिसली, कोपर सोललेलं, पण जिवंत. तेव्हा कुठे तिचे पाय थांबले.

तिच्या मागोमाग उतरलेल्या चिंधूने माझ्या चिमट्यात बोट फिरवलं. ते लाल झालं.

"याच्यात तेल काहून लावलं वं बाई?"

"मले वाटलं ते त्याचं तोंड होय जी. देवाच्या तोंडालेच तं शेंदूर लावतो ना आपन. माह्याच हातानं पोरगी जात होती."

चिंधूने ते लाल बोट आपल्याच सदऱ्याला पुसलं. नारळ त्यानेच फोडला होता.

पुढच्या दसऱ्याला बायजाबाई माझ्याजवळ फिरकेना. वच्छला तिला हात धरून घेऊन आली आणि तिच्या हातात कोरडं फडकं दिलं.

"तूच पूस, माय. उद्या तूच भर अन् पाठव माह्याकडे."

बायजाबाईने चिमटा पुसला. पुन्हा पुसला. पदराने पुसला. मित्रांनो, माझी एवढी मनापासून पूजा आधी कधी झाली नव्हती.

पुढे ट्रक आले, रोपवे बंद पडला. आता मी खाणीच्या जुन्या कचेरीच्या अंगणात गंजत पडलोय. माझ्यासारखं जुनं यंत्र कुठे दिसलं तर हार घालायची घाई करू नका. ते काय धरून ठेवतं, ते आधी समजून घ्या. मी नुसता दोर धरायचो, असं मलाही वाटायचं. त्या दोराच्या टोकाला कुणाची तरी लेक उभी होती.